आज्ञा आणि निर्देश : पिंपरी-चिंचवड परिसरातील प्राथमिक संगणक-शिक्षणाचा भाषिक इतिहास

१

संगणकाशी प्रथमच परिचय होणाऱ्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा आरंभ कोठून करावा, हा प्रश्न संगणक वर्गात आला तेव्हापासून चर्चिला जात आहे. या बाबतीत दोन पद्धती परस्परांसमोर उभ्या असतात. पहिल्या पद्धतीत विद्यार्थी कळफलकावर शब्द किंवा संकेताक्षरे उमटवून यंत्रास आज्ञा देतो. दुसरीत तो पडद्यावरील चित्रांपैकी हवे ते चित्र माउसने किंवा बोटाने दाखवितो. सोयीसाठी पहिलीस आज्ञापद्धती व दुसरीस निर्देशपद्धती असे म्हणता येईल. आज्ञापद्धतीच्या पुरस्कर्त्यांच्या मते तिच्यामुळे विद्यार्थ्यास यंत्राच्या अंतरंगाची ओळख होते आणि केलेली कृती नेमकी पुन्हा करता येते. निर्देशपद्धतीचे पुरस्कर्ते असे प्रतिपादितात की, आठवण्यापेक्षा ओळखणे केव्हाही सुलभ असते. म्हणून नवशिक्याच्या स्मरणशक्तीवर भार टाकणे इष्ट नव्हे.

हे दोन्ही युक्तिवाद मानसशास्त्रीय आहेत. आज्ञा कोणत्या भाषेत द्यावयाची, हा प्रश्न त्यांत उपस्थित होत नाही. याचे कारण उघड आहे. हा वाद प्रथम अमेरिकेत व इंग्लंडात झाला. तेथे आज्ञेची भाषा आणि विद्यार्थ्याची घरची भाषा प्रायः एकच असल्यामुळे भाषेचा प्रश्न दृष्टीआड राहिला. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र तोच मुख्य प्रश्न ठरतो. पुण्याच्या वायव्येस व उत्तरेस पसरलेल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. एकाच श्रमिक समाजात तेथे तीन प्रकारचे शिक्षण एकामागून एक, आणि काही काळ एकाच वेळी, चालू राहिले : इंग्रजी शब्दांवर न बेतलेल्या आज्ञांचे, इंग्रजी शब्दांच्या आज्ञांचे, आणि चित्रांच्या निर्देशाचे. या तिहींची तुलना करून आज्ञापद्धतीविषयीच्या रूढ समजुतीचा फेरविचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

या पट्ट्याची औद्योगिक वाढ स्वातंत्र्योत्तर काळातील आहे. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी उद्योग स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले व त्याच्या आखणीतून भोसरी-चिंचवडकडील औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. १९६६ मध्ये टेल्कोने, म्हणजे २००३ पासून टाटा मोटर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने, पुण्याच्या कारखान्याचा आरंभ केला. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका असा या वस्तीचा नागरी दर्जा वाढत गेला. चाकणची भरभराट त्यानंतरची; फोक्सवागेनचा तेथील कारखाना २००९ मध्ये सुरू झाला.

मोठ्या कारखान्यांच्या भोवती त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखान्यांचे जाळे विणले गेले. त्यांत काम करावयास पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, खानदेश, विदर्भ अशा सर्व भागांतून तरुण आले. त्यांपैकी बहुतेकांचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले होते. शालान्त परीक्षेनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या आय.टी.आय.मध्ये, टर्नर, फिटर अथवा मशिनिस्ट हा व्यवसाय शिकावयाचा आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एखाद्या कारखान्यात उमेदवारी करावयाची, हा त्यांचा ठरलेला मार्ग होता. या शिक्षणात पुस्तकाहून हाताला व डोळ्याला अधिक महत्त्व असे. लेथवर जॉब कसा लावावा, टूल किती आत घ्यावे, कापताना येणारा आवाज बिघडला की काय समजावे, या गोष्टी उमेदवार जुन्या कारागिराशेजारी उभा राहून शिके. संगणकाची पहिली गाठ या वर्गातील अनेकांना वर्गखोलीत पडली नाही. ती यंत्रशाळेत, लेथच्याच रूपाने पडली.

३

आकड्यांच्या साहाय्याने यंत्र चालविण्याची कल्पना अमेरिकेत जॉन पार्सन्स यांनी मांडली आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत १९५२ मध्ये अशा यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. यंत्राला द्यावयाच्या सूचना कागदी पट्टीवर छिद्रे पाडून लिहिल्या जात. या सूचनांच्या भाषेबाबत आरंभीच दोन मार्ग फुटले, ही गोष्ट भाषाभ्यासकाने ध्यानात घ्यावयास हवी. पहिला मार्ग डग्लस रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून रचलेल्या आणि १९५९ मध्ये लोकांपुढे आलेल्या 'ॲप्ट' या भाषेचा. तिच्यात इंग्रजी शब्दांसारखे शब्द वापरून हत्याराचा मार्ग वर्णिला जाई. दुसरा मार्ग अक्षर व अंक यांच्या जोडीचा. त्यालाच आज यंत्रशाळेत 'जी-कोड' म्हणतात. अमेरिकेत व पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर त्याचे मानकीकरण झाले. यंत्रावर प्रत्यक्ष चालणारी भाषा म्हणून हा दुसरा मार्गच टिकला.

या भाषेची रचना साधी आहे. अक्षर आणि त्यापुढील अंक मिळून एक 'शब्द' होतो. हे नाव त्या शास्त्रातलेच आहे. अशा शब्दांची एक ओळ म्हणजे एक वाक्य. जी०० म्हणजे हत्यार वेगाने नेणे, जी०१ म्हणजे सरळ रेषेत कापत जाणे, जी०२ व जी०३ म्हणजे वर्तुळाकार मार्गाने उजवीकडून व डावीकडून जाणे. एम०३ ने स्पिंडल फिरू लागतो, एम०५ ने थांबतो; एम०८ ने शीतक द्रव सुरू होतो; एम३० ने कार्यक्रम संपतो. एक्स व झेड ही अक्षरे लेथवरील दोन दिशा दाखवितात. 'जी०१ एक्स४० झेड-२५ एफ०.२' या ओळीचा अर्थ असा की, जॉबच्या चाळीस मिलिमीटर व्यासापर्यंत व पंचवीस मिलिमीटर लांबीपर्यंत कापत जावे आणि दर फेऱ्यास दोन दशांश मिलिमीटर पुढे सरकावे. ही आज्ञाच आहे. आज्ञापद्धतीचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण.

या भाषेचा एक विशेष संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकास विशेष परिचित वाटेल. एकदा जी०१ लिहिले की पुढील ओळींत ते पुन्हा लिहावे लागत नाही. त्याच्या जागी दुसरा जी-शब्द येईपर्यंत त्याचा अंमल चालू राहतो. पाणिनीच्या सूत्रांत पूर्वसूत्रातील पद पुढील सूत्रांत अध्याहृत धरले जाते व त्यास अनुवृत्ती म्हणतात. तोच हा प्रकार होय. दोन्हीकडे प्रेरणा लाघवाचीच आहे. सूत्रे मुखोद्गत करावयाची असत, म्हणून अक्षर वाचविणे इष्ट. छिद्रांची पट्टी लांबू द्यावयाची नसे, म्हणूनही अक्षर वाचविणे इष्ट.

येथे मुद्दा असा की, या आज्ञांत विद्यार्थ्याच्या इंग्रजीची परीक्षा होत नाही. एफ, एस व टी ही अक्षरे फीड, स्पीड व टूल या इंग्रजी शब्दांवरून आली हे खरे. पण हे तीनही शब्द टर्नरच्या मराठी बोलीत आधीच रुळलेले होते. जी०१ मध्ये तर शब्दार्थ असा काहीच नाही. ते केवळ एक संकेतचिन्ह आहे. जर्मन, जपानी व मराठी कारागीर त्याच्यापुढे सारखेच अनभिज्ञ असतात आणि तिघांनाही ते सारख्याच श्रमाने शिकावे लागते. सी.एन.सी. यंत्रे आरंभी मोठ्या कारखान्यांपुरती होती. १९९१ नंतरच्या आर्थिक बदलांच्या काळात ती लहान कारखान्यांतही येऊ लागली. त्यांच्याबरोबर ही संकेतभाषा भोसरी-चिंचवडच्या गाळ्यांत शिरली. आय.टी.आय. झालेले तरुण ती शिकले, ती वाचून दुरुस्त करू लागले, आणि कागदावर नकाशा समोर ठेवून स्वतः लिहूही लागले. 'आज्ञापद्धती नवशिक्यास पेलत नाही' हे विधान या तरुणांच्या बाबतीत टिकत नाही.

तरीही या अनुभवास दुसरी बाजू आहे. यंत्र अडले की पडद्यावर जी धोक्याची सूचना येते, ती बहुधा इंग्रजी वाक्यांशात असते; यंत्राबरोबर येणारी पुस्तकेही इंग्रजीत. आज्ञा देण्यास इंग्रजी लागत नसले, तरी यंत्राचे उत्तर समजण्यास ते लागते. संकेतभाषेत पारंगत असलेला सेटर याच जागी दुसऱ्याची मदत घेतो. अडचण कोठे आहे, हे यावरूनही सूचित होते.

४

याच सुमारास शाळा-महाविद्यालयांत व खाजगी वर्गांत निराळ्या आज्ञा शिकविल्या जात होत्या. भारत सरकारने १९८४ मध्ये शाळांतील संगणक-साक्षरतेची 'क्लास' ही योजना आरंभिली. तिच्यासाठी ब्रिटनमधील बी.बी.सी. मायक्रो हे संगणक निवडले होते. पुढे वैयक्तिक संगणकांचा प्रसार होताच नवशिक्याचा पहिला पाठ १९८१ मध्ये निघालेल्या डॉस या प्रणालीचा झाला. 'डिर' लिहिले की यादी दिसते, 'कॉपी' लिहिले की प्रत होते, 'डेल' लिहिले की पुसले जाते, असे हे पाठ होते.

इंग्रजी जाणणाऱ्यास 'कॉपी' हा शब्द आज्ञा कळण्यापूर्वीच अर्थ सांगतो. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास त्याचे स्पेलिंग प्रथम पाठ करावे लागे, मग त्याचा अर्थ, आणि त्यानंतर यंत्रातील कृती. जी०१ मध्ये एक पायरी होती. येथे तीन झाल्या. एक अक्षर चुकले की पडद्यावर 'बॅड कमांड ऑर फाइल नेम' असे उत्तर येई. या वाक्यांशातील 'बॅड' हा शब्द ज्याने शाळेच्या प्रगतिपुस्तकाच्या संदर्भातच वाचला असेल, त्यास ती आज्ञेची तांत्रिक चूक न वाटता स्वतःच्या योग्यतेवरील शेरा वाटणे अशक्य नव्हते. शिवाय टर्नरला कापण्याची क्रिया हाताने ठाऊक होती. त्याने जी०१ हे तिचे नवे नाव शिकावयाचे होते. डॉस शिकणाऱ्यास संचिका, तबकडी, मार्गिका या वस्तूच अपरिचित होत्या. अपरिचित वस्तूला परभाषेतील नावाने आज्ञा देणे, असे ते दुहेरी ओझे होते.

याच काळात देवनागरी लिपी संगणकावर आली, ही महत्त्वाची घटना होय. कानपूरच्या भारतीय तंत्रसंस्थेत विकसित झालेले 'जिस्ट' तंत्र १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत आले. संगणकात एक जादा कार्ड बसविले की डॉसवरील कार्यक्रमांत भारतीय लिप्या उमटू लागत. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' ही संकेतप्रणाली मानक म्हणून स्वीकारली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच पूर्वरूपावर आधारलेली आहे. अशा प्रकारे मराठी मजकूर यंत्रात जाऊ लागला. परंतु मराठी आज्ञा मात्र यंत्रात गेली नाही. पत्र मराठीत लिहावयाचे आणि ते जतन करण्याची आज्ञा इंग्रजीत द्यावयाची, अशी ही विभागणी होती. शासनव्यवहाराच्या परिभाषेत 'आज्ञावली' हा सुरेख शब्द रूढ झाला, पण ज्या वस्तूचे ते नाव आहे तिच्यातील एकही आज्ञा मराठी नव्हती.

५

निर्देशपद्धतीचा प्रवेश या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ मध्ये माउसचे जाहीर प्रात्यक्षिक केले. झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७३ मध्ये आल्टो व १९८१ मध्ये स्टार हे संगणक सिद्ध झाले. १९८४ मध्ये मॅकिन्टॉश आला. आणि १९९५ च्या विंडोजने ही पद्धती सर्वत्र नेली. महाराष्ट्रात तिचे सार्वत्रिक शिक्षण झाले ते एम.एस.-सी.आय.टी. या अभ्यासक्रमामुळे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने तो गावोगावच्या केंद्रांतून चालविला आणि लाखो विद्यार्थ्यांनी त्याद्वारे संगणकास प्रथम हात लावला. त्याचा पाया विंडोज होता व पाठ्यसाहित्य मराठीतही होते. डॉसच्या आज्ञांपाशी अडखळणाऱ्या समाजास निर्देशपद्धतीने दार उघडून दिले, हे निर्विवाद आहे.

हा बदल मराठी भाषकास सुकर वाटला याचे आणखी एक कारण सुचविता येईल. डॉसमधील आज्ञेत क्रियापद आधी व कर्म मागाहून येते. इंग्रजी आज्ञार्थाचा हाच क्रम आहे. मराठीत 'हे पत्र त्या पेटीत टाक' असे म्हणताना कर्म आधी, स्थळ नंतर व क्रियापद शेवटी येते. पडद्यावरील संचिका उचलून दुसऱ्या जागी नेऊन सोडताना क्रम हाच असतो : प्रथम वस्तू, मग ठिकाण, शेवटी क्रिया. हे साम्य लक्षणीय आहे. तथापि त्यास कारण मानण्याची घाई करू नये. जी०१ मध्येही क्रियावाचक शब्द आधीच येतो आणि टर्नरला त्याचा अडसर झालेला दिसत नाही.

चित्राला भाषा लागत नाही, ही समजूतही तपासून घ्यावयास हवी. १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजी येथे सुगता मित्रा यांनी भिंतीत संगणक बसवून वस्तीतील मुलांस तो खुला केला. त्या मुलांनी पडद्यावरील वाळूच्या घड्याळास 'डमरू' आणि बाणास 'सुई' अशी नावे दिल्याचे प्रसिद्ध आहे. मुलांना चित्र पुरले नाही. त्यांनी त्याला आपल्या भाषेतील नाव देऊनच ते आपलेसे केले. कार्यालयातील फोल्डर, कागदाची टोपली, लवचिक तबकडी ही चित्रे ज्या कचेरीतून आली, ती कचेरी मराठी विद्यार्थ्याने पाहिलेली नव्हती.

महाराष्ट्रातील वर्गांत नाव देण्याची ही क्रिया मागे पडली. शिक्षक सांगे, 'वर डाव्या बाजूला जा, तिसऱ्या चित्रावर क्लिक करा'. विद्यार्थ्याने नाव न शिकता जागा शिकली. २००७ साली बाजारात आलेल्या ऑफिस-संचात वरच्या याद्या काढून त्यांच्या जागी चित्रांची रुंद पट्टी घातली गेली. ज्यांनी क्रिया जाणली होती त्यांनी तिची नवी जागा शोधली. ज्यांनी केवळ जागा पाठ केली होती त्यांना पुन्हा आरंभापासून शिकणे भाग होते. याउलट जी०१ चा अर्थ दशकानुदशके तोच आहे. छिद्रांची पट्टी गेली, पडदे रंगीत झाले, तरी एके काळी शिकलेला तो शब्द आजही चालतो.

६

यंत्रशाळेतही निर्देशपद्धती आली. जपानच्या माझाक कंपनीने १९८१ मध्ये प्रश्नोत्तररूपाने कार्यक्रम रचून घेणारे नियंत्रण बाजारात आणले. पुढे संगणकावर भागाचे चित्र काढले की हत्याराचा मार्ग आपोआप रचला जाऊ लागला. चाकणसारख्या ठिकाणच्या मोटार-कारखान्यांत जे यंत्रमानव जोडकाम करतात, त्यांना हातातील फलकाच्या साहाय्याने एकेका बिंदूवर नेऊन तो बिंदू लक्षात ठेवावयास लाविले जाते. हा तर निर्देशाचा अगदी मूळ अर्थ होय. परंतु येथे चित्राने आज्ञेस हद्दपार केले नाही. चित्रावरून शेवटी जी-कोडच तयार होतो. टूल मध्येच तुटले, तर कोणत्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करावी हे ओळ वाचूनच ठरवावे लागते. ओळ चुकली तर टूल चकवर आदळते.

या वाचनक्षमतेवर कारखान्यातील माणसाचे स्थान अवलंबून असते. जॉब लावून कळ दाबणारा तो ऑपरेटर. टूल बसवून ऑफसेट देणारा व कार्यक्रम वाचून दुरुस्त करणारा तो सेटर. तो रचणारा प्रोग्रॅमर. वेतन, कामाची शाश्वती व मान या क्रमाने वाढतात. ज्यास केवळ हिरवी कळ दाखविली गेली, तो पहिल्या पायरीवर राहतो, आणि कंत्राटी नेमणुकीच्या दिवसांत त्याच्या जागी दुसरा आणणे सोपे असते. नवशिक्यास काय शिकवावे हा प्रश्न अशा रीतीने उपजीविकेचा होतो. 'सोपे तेवढेच शिकवावे' या धोरणाची किंमत शिकविणाऱ्यास द्यावी लागत नाही. ती शिकणाऱ्यास पुढे द्यावी लागते.

तात्पर्य असे की, आज्ञापद्धतीची म्हणून जी दुर्बोधता सांगितली जाते, तिचा मोठा अंश आज्ञेत नसून आज्ञेच्या भाषेत आणि आज्ञापिलेल्या वस्तूच्या अपरिचयात होता. ज्या क्रियेची हातास ओळख आहे, तिच्यासाठी परभाषेच्या अर्थाचे ओझे नसलेले चिन्ह दिले असता मराठी माध्यमाचा विद्यार्थी आज्ञा देण्यास शिकतो, हे या औद्योगिक पट्ट्यात दिसून आले. यावरून अध्यापनाचा एक क्रमही सुचतो : प्रथम वस्तू दाखवावी, मग मराठीत तिचे व क्रियेचे नाव घ्यावे, त्यानंतर आज्ञा लिहावयास लावावी. २०२२ च्या अखेरीपासून मनुष्यभाषेतील वाक्ये स्वीकारणारे कार्यक्रम लोकांच्या हाती आले असून त्यांपैकी अनेकांना मराठी वाक्यही चालते. आज्ञा पुन्हा शब्दांत आली आहे, आणि या खेपेस ती मराठीत देता येते. काय हवे ते नेमक्या शब्दांत मांडण्याची सवय नसलेल्या विद्यार्थ्यास मात्र ही सोय फारशी उपयोगी पडणार नाही.

शेवटी एका कार्याकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. 'जॉब लावणे', 'ऑफसेट देणे', 'एंटर मारणे' अशा शब्दप्रयोगांत नाम इंग्रजी असले तरी क्रियापद मराठी आहे. लावणे, देणे, मारणे यांपैकी कोणते कोठे यावे याचे नियम आहेत आणि ते कोणी लिहून ठेविलेले नाहीत. हाताने जी-कोड लिहावयास शिकलेली पहिली पिढी आता निवृत्त होत आहे. उमेदवारांना तिने यंत्र कोणत्या शब्दांत समजावून दिले, याचा पद्धतशीर संग्रह पिंपरी, भोसरी व चाकण येथील यंत्रशाळांतून आताच झाला पाहिजे. मराठीत संगणक शिकविण्याची परिभाषा समित्यांतून घडविण्याचे प्रयत्न झाले आहेत. ती घडविताना, कामाच्या ठिकाणी आधीच घडलेल्या या परिभाषेचा आधार घेणे हितावह ठरेल.